विश्लेषण : आयपी ॲड्रेस हा माणसाचा नव्हे, कनेक्शनचा पत्ता! मग पोलीस कोणाच्या दारात येतात?

२६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबादमध्ये एकापाठोपाठ एक बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. तो ज्या आयपी ॲड्रेसवरून निघाला, त्याचा माग काढत तपास पथक नवी मुंबईत सानपाड्यातील एका फ्लॅटपर्यंत पोहोचले. तेथे एक अमेरिकी नागरिक राहत होता. त्याची कसून चौकशी झाली, त्याचे संगणक तपासले गेले. पुढे उलगडा झाला तो असा, की त्याच्या घरातील वायफाय सुरक्षित नव्हते आणि बाहेरच्या कोणीतरी ते वापरून ई-मेल पाठवला होता. महिनाभराने असाच एक ई-मेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या वायफायवरून गेला. सप्टेंबरमध्ये दिल्लीतील स्फोटांच्या वेळी चेंबूरमधील एका खासगी कंपनीचे वायफाय वापरले गेले. तिन्ही ठिकाणी ज्यांच्या नावावर कनेक्शन होते, त्यांचा ई-मेलशी काहीही संबंध नव्हता.

त्या काळी घरात वायफाय असणे ही चैनीची गोष्ट होती. आज तालुक्याच्या गावातही केबलवाला फायबर जोडून देतो. पासवर्ड मात्र शेजारी, भाडेकरू, मुलांचे मित्र अशा सगळ्यांना तोंडपाठ असतो. दुसरीकडे, ‘तुमच्या आयपी ॲड्रेसवरून गुन्हा घडला आहे’ अशी भीती घालून पैसे उकळणाऱ्यांचे फोन सुरू आहेत. आयपी ॲड्रेस काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे कळले तर दोन्ही बाजूंनी होणारे नुकसान टाळता येते.

आयपी ॲड्रेस म्हणजे नेमके काय?

आयपी म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉल, अर्थात इंटरनेटवर माहितीची देवाणघेवाण कशी करायची याचे नियम. आपण मोबाइलवर बातमी उघडतो, तेव्हा ‘हे पान मला पाठवा’ अशी विनंती वृत्तपत्राच्या सर्व्हरकडे जाते. सर्व्हरने ते पान कोणत्या पत्त्यावर धाडायचे? तो पत्ता म्हणजे आयपी ॲड्रेस. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ताच नसेल तर उत्तर येणार कसे, असा हा साधा हिशेब आहे. त्यामुळे तुम्ही उघडलेल्या प्रत्येक संकेतस्थळाला तुमच्या कनेक्शनचा पत्ता दिसतोच. त्यात ‘हॅकिंग’ काही नाही. इंटरनेट चालतेच तसे.

जुन्या पद्धतीचा पत्ता चार आकड्यांचा असतो आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या दरम्यानचा असतो. १९८१ मध्ये ठरलेल्या या पद्धतीला आयपीव्ही४ म्हणतात. तिच्यात सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. त्या वेळी ते भरपूर वाटले. पण माणशी एक मोबाइल, घरोघरी टीव्ही, कॅमेरे, अगदी दिवेसुद्धा इंटरनेटला जोडले जाऊ लागले आणि जागतिक साठ्यातील शिल्लक पत्ते फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. म्हणून आयपीव्ही६ ही नवी पद्धत आली. तिचे पत्ते लांबलचक असतात, अंकांबरोबर ए ते एफ ही अक्षरेही त्यात येतात आणि ते संपण्याची चिंता नसते. भारत आयपीव्ही६ च्या वापरात जगातील आघाडीच्या देशांपैकी आहे.

मोबाइलमध्ये दिसणारा पत्ता वेगळा का असतो?

मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये आपल्या नेटवर्कच्या नावावर टिचकी मारली, की बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. ‘माझा आयपी ॲड्रेस काय’ असे सर्च इंजिनवर शोधले, तर मात्र दुसराच आकडा येतो. दोन्ही बरोबर आहेत.

हाउसिंग सोसायटीचे उदाहरण घ्या. बाहेरच्या जगासाठी सोसायटीचा पत्ता एकच असतो. आत ए-१०२, बी-४०३ असे फ्लॅट असतात. अशा क्रमांकांचे फ्लॅट शेजारच्या सोसायटीतही असतात, पण त्यामुळे गोंधळ होत नाही. पार्सल गेटवर येते आणि कोणाचे पार्सल कोणत्या फ्लॅटचे हे वॉचमन पाहतो. घरातील राउटर हेच काम करतो. त्याला सेवा कंपनीकडून एक सार्वजनिक पत्ता मिळतो. तो घरातील प्रत्येक मोबाइलला, टीव्हीला आतल्या वापरासाठी खासगी पत्ता देतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते लाखो घरांत सारखेच असतात. ते कोणाला कळले तरी बिघडत नाही.

यातला महत्त्वाचा मुद्दा असा, की आयपीव्ही४ वर बाहेरच्याला फक्त गेट दिसते. आजोबांनी भजन ऐकले, नातवाने गेम खेळला किंवा वरच्या मजल्यावरच्या मुलाने काही भलतेच केले, तरी संकेतस्थळाच्या नोंदीत एकच पत्ता पडतो. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक उपकरणाला बाहेर दिसणारा स्वतंत्र पत्ता मिळू शकतो. तरीही सेवा कंपनीच्या नोंदीत तो लागतो कनेक्शनधारकाच्याच नावावर.

हा पत्ता कायमचा असतो का?

घरगुती ग्राहकांना बहुधा कायमचा पत्ता मिळत नाही. लॉजमधल्या खोलीसारखा तो काही काळापुरता दिला जातो. आज तुमच्याकडे असलेला पत्ता उद्या दुसऱ्या ग्राहकाकडे असू शकतो. म्हणून ‘२०४ क्रमांकाच्या खोलीत कोण होते’ या प्रश्नाला तारीख आणि वेळ जोडल्याशिवाय अर्थ नाही. उत्तर रजिस्टर पाहूनच मिळते. हे रजिस्टर सेवा कंपनीकडे असते.

मोबाइल इंटरनेटवर आणि अनेक ब्रॉडबँड जोडण्यांवर आणखी एक गुंता आहे. पत्ते अपुरे असल्याने एकच सार्वजनिक पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांत वाटला जातो. जुन्या लोकांना ‘पीपी नंबर’ आठवत असेल. चाळीत फोन एकाच्या घरी, पण नंबर दहा कुटुंबे देणार! फोन कोणी केला, हे नंबरवरून कळायचे नाही. तसेच इथे आहे. अशा वेळी आयपी ॲड्रेस आणि अचूक वेळ यांच्याबरोबर ‘पोर्ट’ नावाचा आणखी एक क्रमांक लागतो. त्याशिवाय नेमका ग्राहक सापडत नाही.

आयपी ॲड्रेसवरून कोणालाही माझे घर सापडू शकते का?

नाही. इंटरनेटवर अनेक मोफत संकेतस्थळे आयपी ॲड्रेस टाकला की नकाशावर टाचणी लावून दाखवतात. ती टाचणी म्हणजे अंदाज असतो. देश बहुतेक वेळा बरोबर येतो, शहर कधी बरोबर तर कधी चुकीचे. कोल्हापुरात बसलेल्या माणसाचे ठिकाण मुंबई दिसू शकते, कारण सेवा कंपनीची यंत्रणा मुंबईत असू शकते.

या अंदाजाला सत्य मानल्याने काय होते, याचे अमेरिकेतील उदाहरण बोलके आहे. पत्त्यांवरून ठिकाण सांगणाऱ्या एका कंपनीकडे ज्या आयपी ॲड्रेसची माहिती फक्त ‘अमेरिका’ एवढीच होती, त्यांच्यासाठी तिने नकाशावर देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू ठरवून टाकला. तो बिंदू कॅन्सस राज्यातील एका शेतघराच्या आवारात पडत होता. ६० कोटींहून अधिक आयपी ॲड्रेस त्या एका घराकडे बोट दाखवू लागले. फसवणूक झालेले लोक, पोलीस, केंद्रीय तपास अधिकारी असे कितीतरी जण वर्षानुवर्षे तेथे येऊन थडकले. घरात राहणाऱ्यांना त्याचे कारण २०१६ मध्ये एका पत्रकाराने शोधून काढल्यावर कळले.

थोडक्यात, अनोळखी माणसाला तुमचा आयपी ॲड्रेस मिळाला, तर त्याला तुमची सेवा कंपनी आणि ढोबळ परिसर कळतो. नाव, फ्लॅट क्रमांक, बँक खाते कळत नाही. ऑनलाइन गेम खेळणाऱ्या मुलांना ‘तुझा आयपी माझ्याकडे आहे, घरी येतो’ अशा धमक्या येतात, त्या बहुतांशी पोकळ असतात. तो फार तर तुमच्या कनेक्शनवर नको त्या विनंत्यांचा भडिमार करून इंटरनेट बंद पाडू शकतो किंवा राउटरमध्ये एखादी फट उघडी आहे का, हे चाचपू शकतो. राउटर काही वेळ बंद ठेवून चालू केला, तर अनेकदा पत्ताही बदलतो. मुलांनी अशी धमकी घरी सांगावी, एवढा मोकळेपणा मात्र हवा.

मग पोलीस कसे पोहोचतात? आणि चूक कोठे होते?

पोलिसांचा मार्ग वेगळा असतो. आक्षेपार्ह मजकूर ज्या व्यासपीठावर आला, त्या कंपनीकडून आयपी ॲड्रेस आणि वेळ मागवली जाते. मग तो पत्ता ज्या सेवा कंपनीचा आहे, तिला ‘या वेळी हा पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता’ असे विचारले जाते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली अशी माहिती मागवत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली मागवतात. उत्तरात येते ते बिल भरणाऱ्याचे नाव. पुढचा तपास तेथून सुरू होतो.

या साखळीतील एक कडी जरी चुकली, तर काय घडते हे २००७ मध्ये पुण्याच्या तपासात दिसले. ‘ऑर्कुट’ या त्या वेळच्या लोकप्रिय संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर टाकला गेला. आयपी ॲड्रेसच्या आधारे पुणे पोलिसांनी बेंगळुरूतील एका तरुण सॉफ्टवेअर अभियंत्याला अटक केली. सुमारे ५० दिवस तो तुरुंगात होता. नंतर उघड झाले, की सेवा कंपनीने दिलेला ग्राहकाचा तपशीलच चुकीचा होता. त्या मजकुराशी त्याच्या कनेक्शनचा संबंध नव्हता.

अशा चुकांना जागा कोठे असते, हे वेळेच्या उदाहरणावरून समजेल. जगभरातील सर्व्हर अनेकदा आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत नोंद ठेवतात. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. नोंदीत १० तारखेचे रात्रीचे ८ असतील, तर भारतात ११ तारीख उजाडून मध्यरात्रीनंतरचा दीड वाजलेला असतो. हा फरक धरायचा राहिला, तर तारीखच बदलते आणि रजिस्टरमधले नावही.

सानपाड्यात नोंद बरोबर होती, पण वापरणारा दुसरा होता. बेंगळुरूच्या प्रकरणात नोंदच चुकली. दोन्हींचा अर्थ एकच निघतो. आयपी ॲड्रेस हा तपासाचा धागा आहे, दोषाचा पुरावा नव्हे. पण तो धागा ज्याच्या दारात येऊन थांबतो, त्याला निर्दोष ठरेपर्यंतचा त्रास चुकत नाही. सेवा कंपनीची चूक आपल्या हातात नाही, घरातील वायफायचे कुलूप मात्र आहे.

शेजाऱ्याला वायफायचा पासवर्ड द्यावा का?

‘दोन दिवस आमचे नेट बंद आहे’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याला नाही कसे म्हणायचे, हा आपल्याकडचा खरा पेच. पण पासवर्ड वाटीभर साखरेसारखा नसतो. तो एकदा दिला की त्या मोबाइलमध्ये साठतो. शिवाय आजकालच्या मोबाइलवरून क्यूआर कोड दाखवून तो पुढच्याला एका क्षणात देता येतो. शेजाऱ्याकडून त्याच्या भाच्याला, भाच्याकडून मित्राला असा तो कोठवर गेला, हे तुम्हाला कळत नाही. बहुतेक घरगुती राउटर जुन्या नोंदी फार काळ ठेवत नाहीत. त्यामुळे चार महिन्यांपूर्वी रात्री अकरा वाजता कोण जोडलेले होते, हे नंतर सिद्ध करणे जवळपास अशक्य असते.

संबंध न बिघडवता मार्ग काढता येतो. मदत करायचीच असेल तर आपल्या मोबाइलचे हॉटस्पॉट तासाभरापुरते, समोर बसून द्या आणि नंतर त्याचा पासवर्ड बदला. पाहुण्यांसाठी राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करा. त्याला वेगळे नाव, वेगळा पासवर्ड असतो आणि बहुतेक राउटरमध्ये त्यावरच्या मोबाइलना घरातील इतर उपकरणे दिसत नाहीत. काम झाले की ते बंद करता येते. मात्र गेस्ट नेटवर्कही बाहेर जाते तुमच्याच पत्त्यावरून, हे विसरू नका.

खोली भाड्याने देणारे, कोकण-गोव्यात होमस्टे चालवणारे किंवा घरी शिकवण्या घेणारे यांनी तर स्वतःचे आणि ग्राहकांचे वायफाय वेगळे ठेवावे. पासवर्ड ठरावीक काळाने बदलावा आणि राहायला आलेल्यांची रीतसर नोंद ठेवावी. २००८ च्या प्रकरणांनंतर दूरसंचार विभागानेही वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत सेवा कंपन्यांना सूचना दिल्या होत्या.

राउटरमध्ये नेमके काय बदलायचे?

राउटरचे दोन पासवर्ड असतात आणि येथेच बहुतेकांची गल्लत होते. एक वायफायला जोडण्याचा. दुसरा राउटरच्या आतील सेटिंग उघडण्याचा. पहिला पासवर्ड म्हणजे घराची किल्ली धरली, तर दुसरा म्हणजे कुलूपच बदलण्याचा अधिकार. कनेक्शन जोडायला आलेला मुलगा पहिला लावून देतो, दुसरा अनेकदा कारखान्यातून आला तसाच राहतो.

सेटिंग उघडण्यासाठी मोबाइल घरच्या वायफायला जोडा. वायफायच्या तपशिलात ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’ असे लिहून पुढे जो पत्ता असेल, तो ब्राउझरमध्ये इंग्रजी आकड्यांत टाका. अनेक राउटरवर तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. लॉगिनची माहिती राउटरच्या मागच्या स्टिकरवर सापडते. काही कंपन्या यासाठी ॲप देतात. सेटिंग उघडत नसेल, तर केबलवाल्याला किंवा सेवा कंपनीच्या माणसाला घरी बोलावून समोर बदल करून घ्या. आत गेल्यावर पुढील गोष्टी तपासा.

१. ॲडमिन पासवर्ड : सर्वांत आधी हा बदला. वहीत लिहून ठेवलात तरी चालेल. चोर वही उघडायला घरात येत नाही, तो इंटरनेटवरून येतो.

२. वायफायचा पासवर्ड : मोबाइल क्रमांक, मुलांची नावे, फ्लॅट क्रमांक नको. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द आणि आकडे जोडा. ‘पातेले-रिक्षा-चाफा-४७’ या धर्तीवरचा, रोमन अक्षरांत लिहिलेला पासवर्ड लक्षात राहतो आणि ओळखायला कठीण असतो. हेच उदाहरण मात्र वापरू नका.

३. सुरक्षेचा प्रकार : डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. ‘ओपन’ किंवा डब्ल्यूईपी असेल तर ताबडतोब बदला. डब्ल्यूईपी फोडणे फार पूर्वीच सोपे झाले आहे.

४. डब्ल्यूपीएस : बटण दाबून किंवा आठ आकडी पिनने जोडण्याची ही सोय बंद करा. तिच्या पिन पद्धतीतील त्रुटी २०११ मध्येच उघड झाली होती.

५. रिमोट मॅनेजमेंट : घराबाहेरून राउटरची सेटिंग उघडू देणारी ही सोय तुम्ही स्वतः वापरत नसाल तर बंद ठेवा. आयपीव्ही६ असेल तर राउटरचे ‘फायरवॉल’ सुरू आहे ना, हेही पाहा.

६. फर्मवेअर : हे राउटरचे सॉफ्टवेअर. ‘अपडेट’ दिसत असेल तर करून घ्या. ज्याला आता अपडेटच येत नाहीत, असा जुना राउटर बदललेला बरा.

७. वायफायचे नाव : त्यात आडनाव किंवा फ्लॅट क्रमांक घालू नका. इमारतीखाली उभ्या असलेल्या माणसाला ते वाचता येते.

८. जोडलेली उपकरणे : ही यादी महिन्यातून एकदा पाहा. अनोळखी नाव दिसले तर पासवर्ड बदला. सगळे बाहेर पडतात आणि ज्यांना नवा पासवर्ड द्याल तेच परत येतात.

घरातील कॅमेरा आणि टीव्हीचा याच्याशी काय संबंध?

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी बडी संकेतस्थळे अनेक तास अडखळली. संकेतस्थळांची नावे आयपी ॲड्रेसशी जोडून देणाऱ्या ‘डाइन’ या कंपनीवर हल्ला झाला होता. तो केला गेला प्रामुख्याने लोकांच्या घरातील आणि दुकानांतील सीसीटीव्ही कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर यांच्याकरवी. ‘मिराई’ नावाचे सॉफ्टवेअर इंटरनेटवर एकेक आयपी ॲड्रेस चाचपत जायचे आणि कंपनीने घालून दिलेले पासवर्ड लावून पाहायचे. त्याच्याकडे अशा सुमारे ६० जोड्यांची यादी होती. तेवढ्यावर लाखो उपकरणे ताब्यात आली. मालकांना पत्ताही नव्हता.

कॅमेरा दारावर लावलेला असो की बाळाच्या पाळण्यापाशी, त्याचा मूळ पासवर्ड बदला आणि त्याच्या ॲपला ओटीपीसारखी दुहेरी पडताळणी असेल तर ती सुरू करा. बेडरूममध्ये कॅमेरा लागतोच का, याचाही विचार करा. कॅमेरा, टीव्ही, स्मार्ट दिवे यांना गेस्ट नेटवर्कवर ठेवले, तर त्यातले एखादे ताब्यात गेले तरी बँकेचे काम चालणारा मोबाइल वेगळा राहतो.

व्हीपीएन घेतले की प्रश्न मिटला?

व्हीपीएन वापरल्यावर संकेतस्थळाला तुमच्याऐवजी व्हीपीएन कंपनीचा पत्ता दिसतो. म्हणजे तुमचा पत्ता नाहीसा होत नाही, तो पाहणारा बदलतो. आधी सेवा कंपनीला दिसणाऱ्या तुमच्या हालचाली आता व्हीपीएन कंपनीला दिसतात. फुकट व्हीपीएन देणारा आपला खर्च कोठून काढतो, हा प्रश्न विचारायलाच हवा. भारताच्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवण्यास सांगितले. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातील सर्व्हर हलवले. कार्यालयाचे काम घरून करणाऱ्यांना कंपनीचे व्हीपीएन लागते, ते वेगळे. पण व्हीपीएन असले तरी बनावट लिंकवर दिलेला ओटीपी चोराकडे जातोच.

आयपी ॲड्रेस लपवण्याची एक सोपी, विनामूल्य सोय मात्र व्हॉट्सॲपमध्ये आहे. दोघांमधील कॉल अनेकदा थेट जोडला जातो आणि तांत्रिक जाण असलेल्या माणसाला समोरच्याचा पत्ता दिसू शकतो. सेटिंग, प्रायव्हसी, ॲडव्हान्स्ड या क्रमाने जाऊन कॉलमध्ये आयपी ॲड्रेस सुरक्षित ठेवण्याचा पर्याय सुरू केला, की कॉल व्हॉट्सॲपच्या सर्व्हरमार्फत जातो. आवाजाचा दर्जा थोडा घटू शकतो. अनोळखी लोकांचे कॉल ज्यांना घ्यावे लागतात, त्यांनी हा पर्याय जरूर सुरू ठेवावा.

‘तुमच्या आयपी ॲड्रेसवरून गुन्हा झाला’ असा फोन आला तर?

फोन करणारा कधी दूरसंचार खात्याचा, कधी सीबीआयचा, तर कधी मुंबई पोलिसांचा अधिकारी असल्याचे सांगतो. तुमच्या आयपी ॲड्रेसवरून अश्लील चित्रफिती पाहिल्या गेल्या, पैशांची अफरातफर झाली असे म्हणतो. काही आकडे वाचून दाखवतो. ऐकणारा घाबरतो, कारण त्याला तो आकडा स्वतःचा आहे की नाही, हे माहीत नसते. मग व्हिडिओ कॉलवर गणवेश दिसतो, ‘डिजिटल अरेस्ट’ची भाषा सुरू होते, घरच्यांशी बोलायला बंदी होते आणि खात्यातील पैसे ‘तपासणीसाठी’ वळते करायला सांगितले जाते. निवृत्तीची सगळी पुंजी यात गमावलेली ज्येष्ठ मंडळी आपल्या राज्यातही आहेत.

भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे स्पष्ट केले होते. चौकशीला हजर राहण्याची नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली दिली जाते आणि ती व्हॉट्सॲपवरून बजावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. पोलीस तपासासाठी खात्यात पैसे भरायला सांगत नाहीत. असा फोन आला की तो बंद करा आणि आधी घरातल्या कोणाला तरी सांगा. भीती एकट्याने सोसण्यावरच या चोरांचा धंदा उभा असतो. त्यांनी पाठवलेले कोणतेही ॲप, मग ती लग्नाची पत्रिका असो वा वाहतूक दंडाची पावती, उघडू नका. मोबाइलची स्क्रीन कोणाला दाखवू नका.

पैसे गेलेच असतील तर पहिले काही तास मोलाचे असतात. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच फोन करा, बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता असते.

आणि खरोखरच पोलीस दारात आले तर?

ओळखपत्र पाहा, नोटीस लेखी घ्या, वकिलाचा सल्ला घ्या आणि सहकार्य करा. घाबरून राउटर रीसेट करू नका, मोबाइलमधील काही पुसू नका. पुरावा नष्ट केल्याचा संशय येतोच, शिवाय तुमच्या बाजूची एखादी नोंद असेल तर तीही जाते. कोणती तारीख, कोणती वेळ आणि ती भारतीय वेळ आहे का, याची माहिती वकिलामार्फत मागा. त्या वेळी घरी कोण होते, पासवर्ड कोणाकोणाकडे होता, हे आठवून लिहून काढा.

ती यादी आजच करून पाहायला हरकत नाही. तुमच्या वायफायचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे? नावे हाताच्या बोटांवर मावत नसतील किंवा दोन-तीन नावांनंतर ‘बहुतेक’ म्हणावे लागत असेल, तर जेवण झाल्यावर दहा मिनिटे काढा आणि दोन्ही पासवर्ड बदला.